जवळीक आणि अंतर

१९६६ सालच्या उत्तरार्धातील ही घटना. टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठावर असलेल्या गोम्बेच्या जंगलात एक म्हातारा चिंपांझी पाठमोरा घसटत, हातांच्या जोरावर शरीर ओढत संशोधकांच्या छावणीजवळ आला. त्याचे दोन्ही पाय लुळे पडले होते, लघवीवर ताबा राहिला नव्हता, अंगाभोवती माश्या घोंघावत होत्या. त्याचे नाव मिस्टर मॅकग्रेगर. हे नाव त्याला जेन गुडॉल या तरुण संशोधिकेने दिले होते.

एके दिवशी काही नर झाडावर बसून एकमेकांचे केस निवडत होते. चिंपांझींच्या जगात ही केवळ स्वच्छता नसते, ती मैत्रीची खूण असते. मॅकग्रेगर दोन हातांवर सारा भार घेत मोठ्या कष्टाने त्यांच्यापर्यंत चढला आणि त्याने हात पुढे केला. ते सगळे उठले आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसले. तो बराच वेळ तिथेच, हालचाल न करता बसून राहिला. हम्फ्री नावाचा एकच नर अखेरपर्यंत त्याच्या आसपास राहिला. एका बलदंड नराने मॅकग्रेगरवर हल्ला केला तेव्हा तोच मध्ये पडला. जेन आणि त्यांचे छायाचित्रकार पती ह्यूगो व्हॅन लाविक मॅकग्रेगरला झाडावर अन्न पोहोचवत होते. शेवटी त्याचा एक हातही निखळला, तेव्हा त्याच्या यातना संपवण्यासाठी त्याला गोळी घालावी लागली.

आजार होता पोलिओ. त्या सुमारास आसपासच्या मानवी वस्तीत पोलिओची साथ होती आणि माणसाचा विषाणू चिंपांझींपर्यंत पोहोचला होता. काही दगावले, काही कायमचे अपंग झाले. फाबेन नावाच्या तरुण नराचा एक हात कायमचा लुळा पडला. पुढे तो बराचसा दोन पायांवर चालायला शिकला. छावणीने नैरोबीहून तोंडाने द्यायची लस मागवली. पल्स पोलिओच्या रविवारी आपल्याकडे बाळांच्या तोंडात थेंब टाकतात. गोम्बेत ते केळ्यांत टाकून चिंपांझींना खाऊ घातले गेले. जेन स्वतः तेव्हा गरोदर होत्या.

गेल्या वर्षी नव्हे, तर जवळजवळ पासष्ट वर्षे ज्यांच्या नावाशी हे जंगल जोडले गेले, त्या जेन गुडॉल यांचे १ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात निधन झाले. वय ९१, त्या तेव्हाही व्याख्यानांच्या दौऱ्यावर होत्या. ‘चिंपांझींशी मैत्री करणारी बाई’ ही त्यांची लोकप्रिय प्रतिमा खरी आहे, पण अपुरी आहे. चिंपांझींना जवळून ओळखल्याशिवाय वाचवता येणार नाही, आणि फार जवळ गेलो तर आपणच त्यांच्या मरणाचे कारण ठरू, हा पेच त्यांच्या आयुष्यभराच्या कामात होता. तो त्यांनी कसा सोडवला, हे आज आरोग्याच्या दृष्टीनेही समजून घेण्यासारखे आहे.

कोंबडीच्या खुराड्यापासून

जेन यांचा जन्म ३ एप्रिल १९३४ रोजी लंडनमध्ये झाला. कोंबडी अंडे घालते म्हणजे नेमके काय करते, हे पाहण्यासाठी लहानगी जेन कित्येक तास खुराड्यात दडून बसली होती. इकडे घरचे लोक शोधून थकले. पण मुलगी गवताच्या काड्या केसांत घेऊन धावत आली, तेव्हा आईने रागावण्याऐवजी तिची हकीकत ऐकून घेतली. पुढे विद्यापीठात शिकायला पैसे नव्हते, म्हणून जेन यांनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम केला. १९५७ मध्ये त्या एका मैत्रिणीच्या घरी केनियाला गेल्या आणि तिथे त्यांची गाठ पुरामानवशास्त्रज्ञ लुई लीकी यांच्याशी पडली.

लीकी आदिमानवाचे अवशेष शोधत होते. हाडे सापडतात, पण वागणूक दगडात उमटत नाही. माणसाच्या सर्वांत जवळच्या नातलगांचे जंगलातले जगणे पाहिले, तर आपल्या पूर्वजांविषयी काही कळेल, असा त्यांचा होरा होता. त्यासाठी पुस्तकी चौकट डोक्यात न बसलेले, धीराने बघणारे कुणीतरी त्यांना हवे होते. पुढे याच विचाराने त्यांनी डायन फॉसी यांना गोरिलांकडे आणि बिरुटे गॅल्डिकास यांना बोर्निओतील ओरांगउटानांकडे पाठवले. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान हे शेपूट नसलेले, मोठ्या मेंदूचे प्राणी म्हणजे ‘महाकपी’. भारतात यांपैकी कुणीही नाही. ईशान्येकडील हुलॉक गिबन हा त्यांचा लहान चणीचा नातलग.

१४ जुलै १९६० रोजी २६ वर्षांच्या जेन गोम्बेच्या किनाऱ्यावर उतरल्या. एकट्या तरुणीने जंगलात राहणे तेव्हाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना मंजूर नव्हते, म्हणून सोबतीला आई व्हॅन आली. सुरुवातीलाच दोघींना मलेरियाने गाठले. त्यातून उठल्यावर व्हॅन यांनी छावणीत एक छोटासा दवाखाना थाटला आणि आजूबाजूच्या कोळ्यांना साधी औषधे द्यायला सुरुवात केली. या परक्या बायकांविषयीची शंका त्यामुळे बरीच निवळली. जंगल वाचवायचे तर शेजारच्या माणसाचे दुखणे आधी विचारावे लागते, हा धडा जेन यांना आईने नकळत दिला होता. तो कामी यायला मात्र तीस वर्षे जावी लागली.

एका काडीने हललेली व्याख्या

पहिले काही महिने चिंपांझी जेन यांना पाहताच पळून जात. त्या रोज एका उंच टेकाडावर दुर्बीण घेऊन बसत. त्याच रंगाचे कपडे, तीच जागा, कुठलीही घाई नाही. हनुवटीवर करडे केस असलेल्या एका नराची भीड सर्वांत आधी चेपली. त्याचे नाव त्यांनी ठेवले डेव्हिड ग्रेबीअर्ड. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी चिंपांझीला मांस खाताना पाहिले. तोवर हा प्राणी शाकाहारी समजला जात होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी जे पाहिले ते त्याहून मोठे होते. डेव्हिड वाळवीच्या वारुळाजवळ बसून गवताची काडी भोकात घालत होता, काडीला चिकटलेली वाळवी बाहेर काढून खात होता. काही वेळा चिंपांझी डहाळी तोडून तिची पाने ओरबाडून काढत आणि मग वापरत. म्हणजे ते अवजार नुसते वापरत नव्हते, तर तयार करत होते.

‘अवजार बनवणारा प्राणी’ ही तेव्हा माणसाची ओळख मानली जात होती. लीकी यांनी तारेने कळवले, की आता अवजाराची व्याख्या बदलावी लागेल, माणसाची बदलावी लागेल, नाहीतर चिंपांझींना माणसांत घ्यावे लागेल. पहिला निधी जेमतेम सहा महिने पुरेल इतकाच होता. या शोधानंतर अमेरिकेच्या नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने मदत दिली आणि काम पुढे सुरू राहिले.

नावे ठेवली म्हणून नावे ठेवली!

पदवी नसताना जेन यांना थेट केंब्रिज विद्यापीठात पीएचडीसाठी प्रवेश मिळाला. तिथे त्यांना ऐकवले गेले, की प्राण्यांना नावे देणे अशास्त्रीय आहे, क्रमांक द्यायला हवेत. चिंपांझींना स्वभाव असतो, भावना असतात, असे लिहिणे तर त्याहून वाईट. त्यांच्या सुरुवातीच्या एका लेखात संपादकांनी ‘तो’ आणि ‘ती’ खोडून सगळीकडे निर्जीव वस्तूसाठीचे सर्वनाम घातले होते. जेन यांनी ते पुन्हा खोडले आणि ‘तो’, ‘ती’ जागेवर आणले.

यात हळवेपणा होता, असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात ती नोंदीची अतिशय काटेकोर पद्धत ठरली. फ्लो या मादीच्या मुलांची नावे फाबेन, फिगन, फिफी, फ्लिंट. फिफीची मुले फ्रॉइड, फ्रोडो. आईच्या नावाचे आद्याक्षर मुलांना. नाव ऐकले की घराणे कळते. बाप कोण हे तेव्हा सांगता येत नसे. पुढे विष्ठेतील डीएनए तपासून तेही कळू लागले. कोण कधी जन्मला, कुणाच्या अंगाखांद्यावर वाढला, कुणाला कधी खोकला झाला, कोण कधी दिसेनासा झाला, या सगळ्याची अखंड नोंद पिढ्यान् पिढ्या होत गेली. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक चिंपांझीचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा केस पेपर तयार झाला.

त्यामुळेच १९७२ मध्ये फ्लो मेली आणि आठ वर्षांचा फ्लिंट खाणेपिणे सोडून, जवळजवळ तीन आठवड्यांत आईच्या मागोमाग गेला, तेव्हा तो एका ‘प्राण्याचा मृत्यू’ म्हणून नोंदला गेला नाही. आईच्या वियोगाने पोराच्या शरीराचे काय होते, हे त्यात दिसले. आणि त्यामुळेच १९७४ ते १९७८ या काळात एका कळपातील नरांनी वेगळ्या झालेल्या आपल्याच जुन्या सोबत्यांना एकेक करून ठार मारले, तेव्हा ती अनोळखी जनावरांची झुंज राहिली नाही. म्हातारा गोलायथ ज्यांच्याकडून मारला गेला, त्यांच्यासोबत तो कधीकाळी केस निवडत बसला होता. हे फार बोलू नका, माणसाची हिंसा जन्मजात असल्याचा अर्थ लोक काढतील, असे जेन यांना काहींनी सुचवले. त्यांनी जे दिसले ते लिहिले.

एड्सच्या कोड्यातील गोम्बे

या नोंदींचे वैद्यकीय मोल कळायला २००९ साल उजाडले. माणसांत एड्स घडवणाऱ्या एचआयव्ही-१ या विषाणूच्या जगभर पसरलेल्या प्रकाराचा पूर्वज मध्य आफ्रिकेतील चिंपांझींमध्ये असतो आणि त्याचा माग आग्नेय कॅमेरूनपर्यंत जातो, हे त्याआधी सिद्ध झाले होते. शिकार केलेल्या चिंपांझीचे रक्त लागून तो माणसात आला असावा, असे मानले जाते. पण खुद्द चिंपांझींना हा विषाणू काही करत नाही, अशी समजूत होती.

गोम्बेतील चिंपांझींमध्ये याच कुळातील विषाणू आढळला. संशोधकांनी कुणालाही न पकडता, रक्त न काढता, केवळ जमिनीवर पडलेल्या विष्ठेच्या आणि लघवीच्या नमुन्यांवरून नऊ वर्षे तपासणी केली. प्रत्येक नमुना कुणाचा, हे ठाऊक होते. निष्कर्ष असा निघाला, की त्याच वयाच्या निरोगी चिंपांझींच्या तुलनेत बाधितांच्या मृत्यूचा धोका १० ते १६ पट होता. बाधित माद्यांना पिल्ले कमी होत आणि झालेली जगत नसत. मेलेल्या एका चिंपांझीच्या शरीरात एड्ससारखीच पेशींची हानी दिसली. नुसते क्रमांक नव्हे, तर पूर्ण आयुष्यांची नोंद हाती होती, म्हणून हे कळू शकले.

केळ्यांची चूक

जवळिकीची दुसरी बाजूही होती. चिंपांझी छावणीजवळ यावेत म्हणून सुरुवातीच्या वर्षांत केळी ठेवली जात. त्यामुळे निरीक्षण सोपे झाले, चित्रीकरण झाले, जगभर कुतूहल जागे झाले. पण एका ठिकाणी गर्दी होऊ लागली, भांडणे वाढली, आणि माणसे व चिंपांझी एकमेकांच्या श्वासाच्या टप्प्यात आले. पुढे केळी आटोक्यात आणली गेली आणि अखेर बंद झाली. सुरुवातीला जेन चिंपांझींना स्पर्श करत, केसही निवडत. नंतर तेही थांबले. पोलिओच्या साथीने जे दाखवले होते, ते श्वसनाच्या आजारांनी पुन्हा पुन्हा दाखवले.

माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएमध्ये ९८ टक्क्यांहून अधिक साम्य आहे, असे आपण कौतुकाने सांगतो. त्याचा एक अर्थ असा, की आपले बहुतेक जंतू त्यांनाही लागू पडतात, फक्त त्यांच्याकडे आपली प्रतिकारशक्ती नसते. युगांडातील किबाले जंगलात २०१३ मध्ये ५६ चिंपांझींच्या एका कळपात खोकल्याची साथ आली आणि ५ जण दगावले. कारण होते राइनोव्हायरस सी, माणसाच्या पोराला ज्याने सर्दी होते तो विषाणू. इबोलाने तर काँगोच्या एका अभयारण्याच्या परिसरात या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ५ हजार गोरिला मारल्याचा अंदाज आहे. जानेवारी २०२१ मध्ये सॅन डिएगोच्या प्राणी उद्यानातील गोरिलांना कोविडची लागण झाली.

चिंपांझी मादीला दोन पिल्लांमध्ये साधारण पाच-सहा वर्षांचे अंतर लागते. त्यामुळे एका साथीत गेलेल्या पाच जणांची भर पडायला कितीतरी वर्षे जातात. म्हणूनच आता महाकपी पाहायला जाणाऱ्यांसाठी मास्क, ठरावीक अंतर, लहान गट आणि आजारी असाल तर प्रवेश नाही, असे नियम आहेत. कोविडच्या वेळी आपण हे सारे स्वतःसाठी शिकलो. महाकपींच्या जंगलात ते आधीपासून लागू होते.

जंगलाबाहेरचे काम

१९८६ मध्ये शिकागोत चिंपांझी-अभ्यासकांची परिषद भरली. आफ्रिकेत ठिकठिकाणी जंगले कशी संपत आहेत आणि प्रयोगशाळांत चिंपांझी कसे ठेवले जातात, हे तिथे एकामागून एक समोर आले. आपण परिषदेला शास्त्रज्ञ म्हणून गेलो आणि कार्यकर्ती होऊन बाहेर पडलो, असे जेन नेहमी सांगत. त्यानंतर त्यांनी गोम्बेत सलग मुक्काम असा फारसा केलाच नाही. वर्षाचे सुमारे ३०० दिवस त्या प्रवासात असत.

प्रयोगशाळांचा प्रश्न सोपा नव्हता. हेपॅटायटिस बी वरील लशीच्या विकासात चिंपांझींचा वापर झाला होता आणि त्या लशीने असंख्य माणसांचे यकृत वाचले आहे. जेन यांनी संशोधकांना खलनायक ठरवले नाही. त्या स्वतः प्रयोगशाळांत गेल्या, पेटीसारख्या पिंजऱ्यांत एकेकटी ठेवलेली पिल्ले पाहिली, आणि तिथल्या लोकांशी बोलत राहिल्या. एड्सच्या बाबतीत तर असे दिसले, की एचआयव्ही टोचलेल्या चिंपांझींना एड्स क्वचितच होतो. म्हणजे यातना होत्या, पण उपयोग फार थोडा. २०११ मध्ये अमेरिकेतील एका तज्ज्ञ समितीने चिंपांझींवरील बहुतेक वैद्यकीय प्रयोग अनावश्यक ठरवले. २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा प्रयोगांना पाठबळ देणे थांबवले. हे एकट्या जेन यांचे यश नव्हे, पण तीस वर्षांच्या त्यांच्या संयमी पाठपुराव्याचा त्यात मोठा वाटा होता.

१९९० च्या सुमारास त्यांनी छोट्या विमानातून गोम्बे पाहिले. उद्यान तसे जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचे. त्याच्या हद्दीपर्यंत हिरवळ, आणि हद्द संपताच उघडेबोडके डोंगर. शेजारच्या देशांतील संघर्षांमुळे निर्वासित आले होते, लोकसंख्या वाढली होती, जमिनीचा कस गेला होता. पोटासाठी झाडे तोडणाऱ्या माणसाला चिंपांझींचे महत्त्व सांगून काय होणार?

१९९४ मध्ये गोम्बेभोवतीच्या १२ गावांत त्यांच्या संस्थेने ‘टाकारे’ हा प्रकल्प सुरू केला. तुम्हाला काय हवे, असे स्थानिक टांझानियन कार्यकर्त्यांनी गावांना आधी विचारले. उत्तरे आली ती आरोग्य, शाळा, पाणी आणि शेतीविषयीची. मग रोपवाटिकांच्या जोडीने स्वच्छ पाणी, शौचालये, बायकांना छोटी कर्जे, मुलींना शिष्यवृत्त्या आणि कुटुंबनियोजनाची माहिती असे काम उभे राहिले. गावांनी स्वतः जमिनीचे नियोजन केले, काही डोंगर पुन्हा हिरवे होऊ लागले. पुढे हे काम शंभराहून अधिक गावांत पोहोचले. व्हॅनच्या दवाखान्याचा धडा असा परत आला. माणसाचे पाणी स्वच्छ आणि मुले निरोगी असली, तर जंगलात जाणारा जंतूही कमी होतो.

वही अजून उघडी आहे

जंगली चिंपांझींची संख्या आज सुमारे पावणेदोन ते तीन लाख असल्याचा अंदाज आहे आणि ती घटते आहे. जंगलतोड, मांसासाठी शिकार आणि आजार ही तीन मुख्य कारणे. जेन गेल्या म्हणून यातले काहीही थांबलेले नाही. पण त्यांनी मागे ठेवलेले कामही थांबलेले नाही.

१९७५ मध्ये सरोवरापलीकडून आलेल्या बंडखोरांनी गोम्बेतून चार विद्यार्थ्यांचे अपहरण केले होते. ते पुढे सुखरूप सुटले, पण परदेशी संशोधकांना तिथे राहणे अशक्य झाले. तेव्हा नोंदी बंद पडल्या नाहीत, कारण आसपासच्या गावांतील टांझानियन सहकाऱ्यांनी त्या आपल्या हाती घेतल्या. आजही चिंपांझी घरट्यांतून उठायच्या आधी हे लोक जंगलात पोहोचतात. तोंडावर मास्क असतो, ठरलेले अंतर राखलेले असते. चिंपांझी दिसला की वहीत आधी त्याचे नाव लिहिले जाते आणि मग वेळ.